हा फोटो कोणी काढला? खरा वाटणारा ग्रह कॉम्प्युटरवर बनतो कसा

२०२५ च्या एप्रिलमध्ये के२-१८बी नावाच्या ग्रहाची बातमी आली. पृथ्वीवर समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून येणारा एक वायू तिथल्या हवेत असल्याच्या खुणा दिसतात, असा दावा केंब्रिजच्या टीमने केला होता. दोनच दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागला, निळाशार समुद्र, पांढरे ढग, मागे लालसर सूर्य आणि खाली "दुसरी पृथ्वी सापडली". आमच्या मोठ्या मायने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हाऊ फोटो कोनी काढा रे?"

तिचा प्रश्न एकदम बरोबर होता, कारण तो फोटो कोणीच काढलेला नाही, ते चित्र आहे. मी गेली सहा वर्षं भुसावळला घरच्या कॉम्प्युटरवर असेच ग्रह बनवतोय, त्यामुळे अशी चित्रं कशी बनतात, त्यात काय खरं आणि काय मनाचं असतं हे मोठ्या मायला समजावलं तसंच इथे लिहितो.

आधी कळू द्या, माहिती किती आणि कल्पना किती

के२-१८बी आपल्यापासून साधारण १२४ प्रकाशवर्षं लांब आहे. तो २०१५ मध्ये सापडला तो दिसला म्हणून नाही, तर त्याच्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड हजारात तीन भागांएवढा कमी झाला म्हणून. लांबच्या दिव्यासमोरून चिलट गेलं तर चिलट दिसणार नाही, पण दिवा किंचित मंद झालेला मोजता येईल, तसंच. यावरून त्याचा आकार कळला (पृथ्वीच्या अडीचपटीहून थोडा जास्त), ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो त्यावरून वजन कळलं, आणि ३३ दिवसांत एक फेरी मारतो हेही कळलं. ताऱ्याचा उजेड त्याच्या हवेतून गाळून येतो, त्यावरून २०२३ मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडले. बातमीतला तो जीवांपासून येणारा वायू तिथे आहे की नाही यावर तर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे.

एवढीच माहिती. समुद्र आहे का, ढग कसे आहेत, रंग कुठला, काहीच माहीत नाही. सूर्यमालेबाहेरचे ६००० पेक्षा जास्त ग्रह सापडलेत, त्यातल्या मोजक्यांचे थेट फोटो आहेत आणि तेही निव्वळ ठिपके. म्हणजे तुम्ही बघितलेलं अशा ग्रहाचं प्रत्येक सुंदर चित्र कोणीतरी बसून बनवलेलं आहे. मग काही चित्रं खरी का वाटतात आणि काही प्लास्टिकच्या चेंडूसारखी का? माझं उत्तर एकच आहे, खऱ्या वाटणाऱ्या ग्रहावर प्रत्येक डागामागे कारण असतं.

उजेड एकच आणि तो लांबून येतो

रात्री लाईट गेली की एक लिंबू घ्या आणि मोबाईलचा टॉर्च दोन हात लांबून त्याच्यावर मारा. अर्धं लिंबू उजळेल, अर्धं अंधारात. आता नीट बघा, सालीवरचे बारीक खड्डे कुठे सगळ्यात छान दिसतात? टॉर्चच्या समोर नाही. तिथे साल सपाट वाटते. ते दिसतात उजेड आणि अंधाराच्या सीमेवर, जिथे उजेड तिरपा येतो. या सीमेला आपण सांजरेषा म्हणू, पुढे हाच शब्द वापरतो.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नांगरलेल्या वावरात सकाळी सात वाजता उभं राहिलं तर एकूण एक सरी मोजता येते, ढेकळाची सावली लांबपर्यंत जाते, आणि दुपारी बारा वाजता तेच वावर सपाट चादरीसारखं दिसतं. माती तीच, फक्त उजेडाचा कोन बदलला. म्हणूनच चंद्रावरचे खड्डे अष्टमीच्या सुमाराला दुर्बिणीतून भारी दिसतात आणि पौर्णिमेला गायब होतात.

नवीन माणूस ग्रह बनवतो तेव्हा नेमकं उलटं करतो, सगळ्या ग्रहावर सारखेच ठळक खड्डे, सारखेच ठळक डोंगर. आणि अंधाऱ्या बाजूला थोडा निळा उजेड टाकतो कारण काळं सोडायला जीव होत नाही. मी पण दीड वर्ष तसंच केलं. पण अवकाशात उजेड परत फेकायला भिंत नाही, छत नाही. जवळ एखादा मोठा चंद्र नसेल तर रात्रीची बाजू जवळपास पूर्ण काळीच असते, ती काळी सोडायची हिंमत झाली की अर्धं चित्र तिथेच सुधारतं.

पौर्णिमेचा चंद्र चेंडू का वाटत नाही

ही गोष्ट मला कळली तेव्हा मी दोन दिवस गच्चीवर जाऊन चंद्र बघत होतो. कॉम्प्युटरमध्ये गोळा घेऊन समोरून उजेड टाकला तर मध्ये उजळ आणि कडेला मंद असा रंग येतो, आणि आपण म्हणतो वा, गोल दिसतोय. हा हिशोब लॅम्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १७६० मध्ये मांडला आणि खडू किंवा चुन्याच्या भिंतीला तो चांगला लागू होतो. पण पौर्णिमेचा चंद्र बघा, कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ, चेंडूपेक्षा थाळीसारखा. कारण चंद्रावर बारीक, खरबरीत धूळ आहे, ती उजेड जिथून आला त्याच बाजूला जास्त परत पाठवते आणि समोरून बघताना कणांच्या सावल्या त्या कणांमागेच लपतात.

म्हणजे बिनहवेचा खडकाळ ग्रह बनवताना कडा फार मंद करायची नाही, आणि दाट ढगांचा गुरूसारखा ग्रह असेल तर कडा मंद झालीच पाहिजे. आणि पाणी असेल तर त्यावर सूर्याची चकाकी एकाच जागी पडते, ती फक्त पाण्यावर. जमिनीवर चकाकी आली की ग्रह लगेच काचेच्या गोटीसारखा दिसायला लागतो.

हवा किती जाड दाखवायची

इथे मी साधा हिशोब करतो आणि सगळ्यांना करायला सांगतो. समजा पृथ्वी १००० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे १००० बारीक ठिपके, रुंद काढली. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे एक पिक्सेल जवळपास पावणेतेरा किलोमीटरचा. आता ज्याला आपण अवकाशाची सुरुवात धरतो ती १०० किलोमीटरची उंची म्हणजे फक्त ८ पिक्सेल. ढग बहुतेक सगळे पहिल्या एक-दीड पिक्सेलमध्ये. एव्हरेस्ट ८.८ किलोमीटर, म्हणजे एक पिक्सेलसुद्धा नाही. आणि आपला खान्देश? नंदुरबारपासून रावेरपर्यंत सरळ रेषेत १८०-१९० किलोमीटर, म्हणजे पंधरा पिक्सेल. केळीच्या सगळ्या बागा, तापी, हतनूर, तिन्ही जिल्हे मिळून पंधरा पिक्सेलच्या पट्टीत.

माझ्या पहिल्या ग्रहाभोवती मी निळा झगमगाट ६० पिक्सेलचा टाकला होता. हिशोब केल्यावर कळलं की मी साडेसातशे किलोमीटर जाड हवा दाखवत होतो. खरी हवा कांद्याच्या सालपटासारखी असते, पातळ, आणि फक्त उजेडाच्या बाजूला दिसणारी. निळा रंग येतो कारण हवेचे रेणू निळा उजेड जास्त विखुरतात, आणि सांजरेषेजवळ उजेडाला हवेतून फार लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो म्हणून निळा आधीच विखरून जातो आणि लाल-नारिंगी उरतो. आपल्या संध्याकाळचं कारण तेच. म्हणून पृथ्वीसारख्या ग्रहाच्या सांजरेषेवर एक अगदी बारीक तांबूस पट्टी द्यायची, दिसेल न दिसेल इतकीच.

मंगळावर हे उलटं होतं. तिथल्या बारीक धुळीमुळे दिवसा आभाळ पिवळट-तांबूस आणि सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर. नासाच्या गाड्यांनी तसे फोटो काढलेत. तर प्रत्येक ग्रहाला निळी कडा लावायची सवय सोडा, आधी ठरवा हवेत काय आहे.

डाग आणायचे कुठून

जमीन, समुद्र, ढग हाताने रंगवत बसलं तर आयुष्य जाईल, शिवाय माणसाचा हात नकळत सारखे सारखे आकार काढतो. म्हणून नॉइज वापरतात. नॉइज म्हणजे कॉम्प्युटरने तयार केलेला वेडावाकडा नमुना. जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की मुंग्या यायच्या तो एक नॉइज, पण तो कामाचा नाही, त्यात शेजारच्या ठिपक्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला असा नॉइज काढला की ज्यात चढउतार हळूहळू होतात, १९८५ मध्ये तो जाहीर केला, आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज फोटोशॉपमधले ढग असोत की ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज टेक्स्चर, कल्पना त्याच घराण्यातली.

खरी मजा पुढे आहे. मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळते तेव्हा वाकून बघा. एक मोठी भेग, पाय जाईल एवढी. तिला फुटलेल्या बोटाएवढ्या भेगा. त्यांना फुटलेल्या काडीएवढ्या. आणखी खाली वाकलं तर केसाएवढ्या. जवळून फोटो काढला आणि शेजारी चप्पल ठेवली नाही तर सांगता येणार नाही की आपण एक हात बघतोय की एक वीत. निसर्गात बरेच आकार असे असतात, मोठ्यात लहान, लहानात आणखी लहान. तर नॉइजचे थर चढवायचे, पहिला मोठ्या चढउतारांचा, दुसरा त्याच्या निम्म्या आकाराचा आणि निम्म्या जोराचा, तिसरा त्याच्याही निम्मा, असे आठ-दहा थर. एकदम जमीन दिसायला लागते.

मग या चढउतारात पाणी भरायचं. हतनूर धरणात पाणी चढलं की काठ कसा नाल्यानाल्यात आत घुसतो आणि उन्हाळ्यात उतरलं की टेकाडं बेटासारखी वर येतात, तेच इथे करायचं, एक उंची ठरवायची, त्याखाली सगळं निळं. किनारा आपोआप दातेरी येतो, हाताने कधीच तसा येणार नाही. डोंगरांना उठाव द्यायला बंप मॅपिंग असतं, ते जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये काढलं, त्यात पृष्ठभाग खरा उचलला जात नाही, फक्त उजेडाचा हिशोब तसा केला जातो. त्याचा जोर कमी ठेवा, एव्हरेस्ट एक पिक्सेलपण नाही हे विसरू नका, नाहीतर ग्रहाचा फणस होतो.

सपाट कागद गोळ्यावर बसतो कसा

आता जमीन-पाण्याचा हा नकाशा सपाट आहे आणि ग्रह गोल. कागद चेंडूला गुंडाळला की चुण्या पडतात, आणि सगळ्या चुण्या वर-खाली टोकाला गोळा होतात. कॉम्प्युटरमध्ये रुंदी उंचीच्या दुप्पट असा नकाशा गोळ्यावर चढवला की विषुववृत्तावर ठीक बसतो पण ध्रुवाला नकाशाची अख्खी वरची ओळ एका बिंदूत कोंबली जाते आणि तिथे चांदणीसारखा चिमटा दिसतो. नवशिक्याचं चित्र ओळखायचं असेल तर ध्रुव बघा.

आमच्याकडे मांडे करताना बघितलंय ना? भिजवलेली लवचिक कणीक, आत पुरण, हातावर आणि पार कोपरापर्यंत झुलवत झुलवत ती एवढी मोठी करतात आणि मग उपड्या खापरावर टाकतात. खापर गोल, पोळी सपाट, तरी चुणी पडत नाही, कारण कणीक ताणली जाते, जिथे लागेल तिथे पातळ होते. आमची मोठी माय पोळी खापरावर टाकताना कडेला बोटांनी असा हलका ताण द्यायची की घडी म्हणून येत नसे. नकाशालाही तोच ताण द्यावा लागतो, ध्रुवाजवळचे आकार आधीच आडवे पसरट करून ठेवायचे, मग गोळ्यावर चढल्यावर ते नीट दिसतात.

ब्लेंडरमध्ये याहून सोपा रस्ता आहे. नॉइज कागदावर न काढता अख्ख्या जागेत, आरपार काढायचा आणि त्यातून गोळा कोरायचा. लाकडी भोवऱ्यावर लाकडाच्या रेषा कशा टोकापासून आरीपर्यंत सलग जातात, कुठे जोड दिसत नाही, कारण त्या वरून चिकटवलेल्या नाहीत, आतूनच आल्यात. तसंच.

नदी फुटत नाही, मिळते

पाण्याचा ग्रह करताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मी खूप चित्रांत नद्या समुद्राकडे जाता जाता झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या बघितल्यात. खरी नदी अशी वागत नाही. चांगदेवला पूर्णा येऊन तापीला मिळते, पुढे वाघूर, गिरणा, पांझरा मिळतात, आणि सुरतेच्या पुढे एकच तापी समुद्रात जाते. फुटतात त्या फक्त मुखाशी, गाळ साचून सपाटी झाली तर.

हिरवा रंगपण कुठेही टाकायचा नाही. पावसाचे ढग डोंगराला अडले की अलीकडे हिरवं आणि पलीकडे कोरडं. आपल्याकडे नवापूरच्या बाजूला जंगल आणि शिंदखेड्याकडे टंचाई, हे आपण डोळ्यांनी बघतो. मोठ्या प्रमाणावर बघितलं तर विषुववृत्तावर गरम हवा वर जाऊन पाऊस पाडते आणि साधारण ३० अंशांच्या आसपास कोरडी होऊन खाली उतरते, म्हणून सहारा आणि अरबस्तान त्या पट्ट्यात. ढगांचे भोवरे उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट आणि दक्षिणेत घड्याळासारखे. एकच भोवरा कॉपी करून दोन्हीकडे चिकटवला की जाणकार माणूस लगेच पकडतो.

गुरू-शनीसारखे वायूचे ग्रह सोपे वाटतात पण त्यांचीही खोड आहे. ते भराभर फिरतात, गुरूचा दिवस दहा तासांपेक्षा कमी, म्हणून मधून फुगतात. शनी उभ्यात जवळपास दहा टक्के चपटा आहे, त्याला कंपासने गोल काढला की काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. शनीभोवतीच्या कड्यांची (रिंगांची) सावली ग्रहावर आणि ग्रहाची सावली कड्यांवर, दोन्ही हव्यात.

खड्ड्यांसाठी घरी करून बघा. परातीत पीठ पसरा, वर हळदीचा पातळ थर, आणि उंचावरून गोट्या टाका. पांढरे फराटे चौफेर उडतील, चंद्रावरच्या टायको विवराभोवती दिसतात तसेच. नवीन खड्डा जुन्याला मोडतो, मोठे थोडे आणि लहान असंख्य. फक्त एक फरक, खरा अशनी एवढ्या वेगाने येतो की स्फोटच होतो, म्हणून तिरपा आला तरी खड्डा बहुतेक वेळा गोलच. आपल्या शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार तसंच गोल आहे, पावणेदोन-एक किलोमीटरचं, आपल्यासारख्याच काळ्या बसाल्ट दगडात. १००० पिक्सेलच्या पृथ्वीवर ते दिसणारही नाही. पण पृथ्वीवर असे खड्डे कमी का राहिले? पाऊस, वारा, लाव्हा यांनी पुसले. म्हणजे हवा-पाणी असलेल्या ग्रहावर चंद्राइतके खड्डे टाकले तर दोन्हीपैकी एक खोटं.

"कोणी पाहिलाच नाही, मग चूक कशी ठरवणार?"

हा प्रश्न मला कायम येतो. दिसणं माहीत नसलं तरी नियम माहीत असतात. चेस्ली बोनस्टेल यांनी १९४४ मध्ये शनीच्याच टायटन चंद्रावरून शनी कसा दिसेल ते रंगवलं, निळं आभाळ आणि त्यात शनी. त्या वेळी जेवढं माहीत होतं त्यावर ते प्रामाणिक होतं आणि कित्येक मुलांना त्या चित्राने आकाशाकडे बघायला लावलं. नंतर कळलं की टायटनवर दाट नारिंगी धुकं आहे, २००५ मध्ये ह्यूजेन्स यान तिथे उतरलं तेव्हा तर जमिनीवरूनही सगळं नारिंगीच दिसलं. चित्र चुकलं, पण त्यातला सावल्यांचा आणि कड्यांचा अभ्यास आजही शिकण्यासारखा आहे. २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या सात ग्रहांची चित्रं रॉबर्ट हर्ट आणि टिम पाइल यांनी शास्त्रज्ञांशी बोलून बनवली, तीही याच पद्धतीने, माहिती संपते तिथपर्यंत नियम आणि पुढे विचार करून घेतलेली कल्पना.

"मागे तारे का नाहीत?"

कारण उजेडात असलेला ग्रह फार उजळ असतो. कॅमेरा त्याच्या हिशोबाने लावला की तारे उमटत नाहीत. रात्री लग्नाच्या मांडवात हॅलोजनखाली उभं राहून वर बघा, तारे दिसतात का? चांद्रयानाच्या फोटोतही आभाळ काळं आहे ते याचमुळे. चित्रात तारे टाकायचे तर टाका, पण ग्रहाच्या अंधाऱ्या बाजूवर तारा चमकता कामा नये, तिथे ग्रह आहे.

"एआय दोन सेकंदांत देतो, एवढी मेहनत कशाला?"

देतो, आणि दिसायला छान देतो. पण मी अशी कितीतरी चित्रं जवळून बघितली, ग्रहावर उजेड डावीकडून आणि शेजारच्या चंद्रावर उजवीकडून, कड्यांची सावलीच नाही, समोरून कापल्यासारखी कडी. हे सुधारत जाईल, मला मान्य आहे. पण मला कोणी विचारलं की इथे वाळवंट का, तर माझ्याकडे उत्तर असतं. त्या उत्तरासाठीच मी रात्री जागतो.

"मग नासाचे फोटोपण असेच का?"

नाही, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ७ डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ मधून साधारण २९,००० किलोमीटरवरून पृथ्वीचा काढलेला फोटो हा सरळ कॅमेऱ्यातला फोटो. २०१४ मध्ये मंगळयानाने पाठवलेला अख्खा मंगळही तसाच, इस्रोच्या कॅमेऱ्यातून आलेला. २००२ मध्ये नासाने दिलेली पृथ्वी मात्र उपग्रहाच्या कित्येक तुकड्यांची जोडणी, माहिती खरी पण एका क्षणाची नाही. शुक्राचा तो प्रसिद्ध नारिंगी गोळा तर रडारने मोजलेला आहे, मॅगेलन यानाने १९९० च्या दशकात, आणि रंग दिलाय सोव्हिएत व्हेनेरा यानांनी जमिनीवर काढलेल्या फोटोंवरून. डोळ्यांनी बघितलं तर शुक्र फिका पिवळट-पांढरा, ढगांनी पूर्ण झाकलेला, एकही डोंगर दिसणार नाही. आणि चौथा प्रकार म्हणजे आमचं काम, कल्पनाचित्र. मूळ बातमीत तसं लिहिलेलं असतं, फॉरवर्ड होताना ती ओळ कापली जाते, मोठ्या मायच्या मोबाईलवर आली तेव्हा नव्हतीच.

म्हणून मी आता ओळ चित्राच्या खाली न टाकता चित्राच्या आतच टाकतो, रात्रीच्या काळ्या बाजूवर, जिथून कापली तर ग्रहच कापला जाईल. के२-१८बी मी दोनदा बनवला, एक पाण्याने भरलेला आणि एक दाट वायूचा, समुद्र नसलेला, कारण आजच्या माहितीत दोन्ही बसतात. आकार दोन्हीत तोच, कारण तो मोजलेला आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ग्रुपवर टाकले आणि मधल्या अंधारात लिहिलं, "आकार मोजलेला, रंग माझा."